महोत्सवाआधी मैदान

मोठ्या शहरात शनिवार-रविवारी मुलांना कुठे न्यावे, या प्रश्नाची उत्तरे आज इतकी मुबलक आहेत की हा प्रश्न कधीच सुटला असावा असे कोणालाही वाटेल. बाहुल्यांचे खेळ, विज्ञान मेळावे, कथाकथनाची सत्रे, मत्स्यालये, जलक्रीडा उद्याने, नदीकाठचे महोत्सव, मॉलमधले प्ले झोन अशी यादी दर आठवड्याला नव्याने निघते आणि दर आठवड्याला वाढत जाते. या यादीच्या लांबीवरून शहर किती कुटुंबस्नेही आहे हे ठरवण्याची पद्धतही रूढ झाली आहे. महापालिकांच्या प्रचारपत्रकांत कार्यक्रमांचे आणि आलेल्या गर्दीचे आकडे असतात. मला ही मोजपट्टीच चुकीची वाटते. ज्या कुटुंबाने रविवारी सकाळपर्यंत काहीही ठरवलेले नाही, ज्याला त्या दिवशी फारसा खर्च करायचा नाही आणि ज्याच्याकडे स्वतःचे वाहन नाही, ते कुटुंब घरातून बाहेर पडून पंधरा मिनिटे चालले तर त्याला काय मिळते, यावरून शहराची परीक्षा व्हायला हवी. या परीक्षेत महोत्सवांनी गजबजलेली अनेक शहरे नापास होतील, आणि म्हणूनच सार्वजनिक पैशाचा पहिला हक्क महोत्सवांचा नसून या पंधरा मिनिटांच्या परिघाचा आहे, असे माझे म्हणणे आहे.

सुट्टीच्या दिवशी शहराची दारे कोणासाठी उघडी असावीत, हा वाद नवा नाही. एकोणिसाव्या शतकात तो संग्रहालयांच्या दारात लढला गेला. न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन संग्रहालय १८८० साली सेंट्रल पार्कमध्ये, म्हणजे सार्वजनिक जागेवर आणि शहराने बांधून दिलेल्या इमारतीत सुरू झाले, पण रविवारी ते बंद असे. आठवड्याचे सहा दिवस राबणाऱ्या कामगाराला मुलाबाळांसह येता येईल असा तेवढाच एक दिवस होता आणि नेमका त्याच दिवशी दरवाजाला कुलूप असे. रविवारचे पावित्र्य भंगेल, धक्काबुक्की होईल, अडाणी लोक वस्तूंची नासधूस करतील, असे आक्षेप होते. अखेर मागण्या आणि अर्जांच्या दबावाखाली १८९१ च्या मे महिन्यात रविवारचे दार उघडले. लंडनमध्ये या मागणीसाठी १८५५ मध्येच नॅशनल संडे लीग ही संघटना उभी राहिली होती, तरी ब्रिटिश संग्रहालय आणि तिथली इतर राष्ट्रीय संग्रहालये रविवारी खुली व्हायला १८९६ साल उजाडावे लागले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाची कथा आणखी बोलकी आहे. ते १८४७ मध्ये सर्वसामान्यांसाठी तिकिटावर खुले झाले, पण रविवार मात्र त्यानंतरही कित्येक दशके संस्थेचे सभासद आणि त्यांचे पाहुणे यांच्यासाठीच राखीव राहिला. कामगाराच्या मुलाला हत्ती पाहायचा असेल तर बापाने त्या दिवसाची मजुरी बुडवावी, असाच त्याचा व्यवहारातला अर्थ होता.

तेव्हा आड आली ती धर्मभावना आणि वर्गाभिमान. आज तिकीट, अंतर आणि वेळापत्रक आडवे येतात. दारात रखवालदार उभा नसल्यामुळे आजचा अडथळा दिसत नाही, इतकाच फरक. शिवाय आणखी एक गोष्ट घडली. हेन्री फोर्ड यांनी १९२६ मध्ये आपल्या कारखान्यांत पाच दिवसांचा आठवडा सुरू केला, तेव्हा त्यामागचा हिशेब त्यांनी लपवला नव्हता: ज्याला मोकळा वेळ आहे तो माणूस जास्त फिरेल, जास्त वस्तू वापरेल आणि म्हणून जास्त विकत घेईल. दोन दिवसांची सुट्टी ही कामगार चळवळीची मोठी कमाई आहे यात शंका नाही, पण त्या दोन दिवसांकडे ग्राहक घडवण्याचा काळ म्हणून पाहणारी नजरही सुरुवातीपासूनच तिच्यासोबत आहे. आज कुटुंबांसाठीच्या बहुतेक शनिवार-रविवारच्या योजनांमागे हीच नजर काम करते. प्रवेश मोफत असलेल्या मेळाव्यातसुद्धा चालण्याचा मार्ग असा आखलेला असतो की खेळण्यांच्या आणि खाण्याच्या दुकानांना वळसा घालून जाणे मुलाला आणि पर्यायाने आईवडिलांना शक्य होऊ नये.

कार्यक्रम आणि जागा यांत मूलभूत फरक आहे, आणि तो मुलाच्या बाजूने पाहिल्याशिवाय कळत नाही. कार्यक्रमाला ठरलेली वेळ असते, नोंदणी असते, रांग असते, बसायची जागा असते आणि पाहण्याची दिशाही ठरलेली असते. मुलाची वेळ अशी ठरलेली नसते. चार वर्षांचे मूल एखाद्या मुंगीच्या रांगेपाशी वीस मिनिटे रमते आणि ज्यासाठी पालकांनी तीन आठवडे आधी नोंदणी केली त्या भव्य प्रयोगाला पाचव्या मिनिटाला कंटाळते. यात मुलाचे काही चुकत नाही, पण तिकिटाचे पैसे गेलेले असतात म्हणून पालक चिडतात, आणि मग सुट्टीच्या दिवशी घरातल्यापेक्षा जास्त रागावणे बाहेर घडते. त्यातही कार्यक्रम बहुधा एका वयोगटासाठी रचलेला असतो. एका घरात चार वर्षांची मुलगी, बारा वर्षांचा मुलगा आणि गुडघे दुखणारी आजी असेल, तर एकाच तिकिटात तिघांचे समाधान होणे कठीण. झाड, बाक, थोडी मोकळी जमीन आणि चढण्याजोगे काहीतरी असलेली जागा मात्र या तिघांनाही एकाच वेळी सामावून घेते, आणि तिघांनाही हवे तेव्हा उठून घरी जाता येते. हवे तेव्हा निघता येणे ही सोय लहान मुलांच्या आईवडिलांना किती मोलाची वाटते, हे कार्यक्रमांच्या आयोजकांना क्वचितच सुचते.

अशा जागा उभारणे महापालिकांना जमत नाही असे म्हणणाऱ्यांनी ॲमस्टरडॅमचे उदाहरण पाहावे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या महापालिकेच्या सेवेत असलेला तरुण वास्तुरचनाकार आल्डो व्हान आयक याने १९४७ मध्ये एका छोट्या चौकात पहिले क्रीडांगण केले. वाळूचा एक हौद, उलटे लोंबकळायला लोखंडी दांड्या, उड्या मारायला काही गोल दगडी ठोकळे, आजूबाजूला झाडे आणि बाक, एवढाच त्याचा ऐवज होता. पुढच्या तीसेक वर्षांत शहरात अशी सातशेहून अधिक क्रीडांगणे झाली. त्यांतली पुष्कळशी पडीक कोपऱ्यांत, दोन इमारतींच्या मधल्या रिकाम्या जागेत किंवा रस्त्यालगतच्या तुकड्यांवर होती. आपल्या गल्लीतही असे काहीतरी करा, अशी पत्रे नागरिक स्वतः महापालिकेला लिहीत. मला या प्रयोगातल्या दोन गोष्टी विशेष वाटतात. पहिली म्हणजे त्यातल्या कोणत्याही वस्तूचा उपयोग ठरवून दिलेला नव्हता. हत्तीच्या आकाराच्या घसरगुंडीवरून फक्त घसरता येते, पण दगडी ठोकळा हा किल्ला, दुकान, बेट किंवा नुसती बसायची जागा होऊ शकतो. दुसरी म्हणजे ही क्रीडांगणे सहसा कुंपणाने वेगळी काढलेली नव्हती, त्यामुळे मुले शहरातच खेळत, शहरापासून बाजूला काढलेल्या एखाद्या कोंडवाड्यात नव्हे. त्यांपैकी फारच थोडी आज मूळ रूपात उरली आहेत हे खरे, पण सातशे जागांपैकी एकही जागा त्या काळात पर्यटकांच्या यादीत जावी म्हणून बांधलेली नव्हती, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

याच्याही आधी, १९४३ साली, जर्मन अंमलाखालच्या कोपनहेगनजवळ एम्ड्रुप इथे कार्ल थेओडोर सोरेनसेन या उद्यानरचनाकाराच्या कल्पनेतून एक अजब मैदान साकारले होते. आपण आखलेल्या नीटनेटक्या क्रीडांगणांपेक्षा मुलांना बांधकामाच्या जागा आणि भंगाराचे ढीग अधिक आवडतात, हे त्याने पाहिले होते. मग मुलांना फळ्या, विटा, दोर आणि हत्यारेच द्यावीत आणि एक जाणता मोठा माणूस नुसता हाताशी ठेवावा, असे त्याने सुचवले. ब्रिटनच्या लेडी ॲलन ऑफ हर्टवुड यांनी १९४६ मध्ये ते मैदान पाहिले आणि बाँबहल्ल्यांत जमीनदोस्त झालेल्या लंडनच्या मोकळ्या भूखंडांवर तसेच मैदान करण्याचा आग्रह धरला. युद्धाने कंगाल झालेल्या समाजांनी मुलांच्या खेळासाठी एवढा विचार केला, तर रोषणाई आणि आतषबाजीवर सहज खर्च करणाऱ्या शहरांनी जागेची आणि पैशाची अडचण सांगणे पटत नाही.

जागा नाही हे कारण तर सर्वांत तकलादू आहे. प्रत्येक शहराकडे एक अवाढव्य मोकळी जागा असते. फक्त ती आठवडाभर मोटारींना दिलेली असते. कोलंबियाची राजधानी बोगोटा इथे १९७४ मध्ये काही रस्ते रविवारच्या सकाळी वाहनांसाठी बंद करण्याचा प्रयोग झाला. आज तिथे दर रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत सुमारे १२० किलोमीटर लांबीचे रस्ते सायकलस्वार, धावणारे, स्केट्सवर घसरणारे आणि बाबागाडी ढकलणारे लोक वापरतात. वाटेतल्या उद्यानांत मोफत व्यायामाचे वर्ग चालतात. टोकियोच्या गिन्झा भागातला मुख्य रस्ता १९७० च्या ऑगस्टपासून सुट्टीच्या दिवशी पादचाऱ्यांसाठी मोकळा केला जाऊ लागला आणि ती प्रथा अजून टिकून आहे. या उपक्रमांसाठी नवी इमारत लागत नाही, नवी जमीन लागत नाही. लागतात ते अडथळे लावणारे आणि काढणारे कर्मचारी, थोडे पोलिस, आणि वाहनधारकांची पहिल्या काही महिन्यांची नाराजी सोसण्याची प्रशासनाची तयारी. यातली शेवटची गोष्ट सर्वांत दुर्मीळ असते, हे मान्य करावे लागेल. पण रविवारचा दिवस प्रयोगासाठी सर्वांत सोयीचा आहे, कारण त्या दिवशी रस्त्यावरचा कामकाजाचा भार हलका असतो आणि प्रयोग फसला तर सोमवारी सर्व पूर्ववत होते. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या रस्त्यांवर मोटारींना मज्जाव करण्याची सुरुवात १९६० च्या दशकात अशा सुट्टीच्या दिवसांपुरतीच झाली होती. वेळा हळूहळू वाढत गेल्या आणि २०१८ मध्ये ते वळणदार रस्ते मोटारींसाठी कायमचे बंद झाले.

नियमितपणा हा या सगळ्याचा प्राण आहे. वर्षातून एकदा होणारा ‘वाहनमुक्त दिवस’ हा समारंभच असतो. त्यात भाषणे होतात, छायाचित्रे निघतात आणि दुसऱ्या दिवशी मूल पुन्हा पदपथाच्या कडेला आईचे बोट घट्ट धरून उभे राहते. दर रविवारी हमखास घडणारी गोष्ट मात्र कुटुंबाच्या सवयीत शिरते, तिची जाहिरात करावी लागत नाही, आणि पाचव्या-सहाव्या वेळी तिथे येणारी मुले एकमेकांना नावाने ओळखू लागतात. महोत्सवाच्या हजारोंच्या गर्दीत मुलाला मित्र मिळत नाही. तिथे मूल हरवू नये एवढीच काळजी असते.

संग्रहालये आणि विज्ञानकेंद्रे यांचा विचार थोडा वेगळा करावा लागतो, कारण ती प्रत्येक गल्लीत असू शकत नाहीत. मुलांसाठी संग्रहालय ही कल्पना १८९९ मध्ये ब्रुकलिनला प्रत्यक्षात आली. भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपेनहायमर यांनी १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक्सप्लोरेटोरियम उघडले तेव्हा ‘हात लावू नये’ ही पाटीच निकालात निघाली आणि जगभरच्या विज्ञानकेंद्रांना नवे वळण मिळाले. अशा संस्थांना पैसा लागतो आणि त्यांचे प्रवेशशुल्क पाहून नाके मुरडणे सोपे आहे. ब्रिटनने २००१ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय संग्रहालयांचे प्रवेशशुल्क रद्द केल्यावर तिथल्या भेटींची संख्या झपाट्याने वाढली, आणि तो निर्णय योग्यच होता असे मला वाटते. पण वाढलेल्या संख्येत पूर्वीपासून संग्रहालयात जाणाऱ्या सुशिक्षित, सुस्थित वर्गाचाच भरणा मोठा राहिला, हेही लवकरच दिसून आले. म्हणजे तिकीट काढून टाकणे आवश्यक असले तरी पुरेसे नसते. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या चौघांच्या कुटुंबाला मोफत संग्रहालयापर्यंत पोचायला दोन वाहने बदलावी लागत असतील, आणि कामाचा दिवस नाही म्हणून रविवारी बसगाड्यांच्या फेऱ्या कमी केलेल्या असतील, तर त्या ‘मोफत’ला काही अर्थ उरत नाही. सार्वजनिक वाहतुकीचे वेळापत्रक अजूनही कार्यालयात जाणाऱ्या एकट्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून आखले जाते. बाबागाडी, झोपलेले मूल आणि हातात पिशव्या घेऊन चढणारा प्रवासी त्यात धरलेलाच नसतो.

अशा बारीकसारीक गोष्टींचेच ओझे शेवटी कुटुंबावर पडते. स्वच्छ स्वच्छतागृह, बाळाचे कपडे बदलायला एक आडोसा, पिण्याचे पाणी, सावलीत बसायला जागा, जिने टाळून जाण्याचा उतार: यांतली एक गोष्ट नसली तरी पालक पुढच्या वेळी घरीच थांबतात किंवा मॉल गाठतात. मॉलवर टीका करणारे आम्ही लेखक हे सोयीस्करपणे विसरतो की पुष्कळ शहरांत थंड हवा, चालू स्थितीतले स्वच्छतागृह आणि वाहनांची भीती नसलेली सपाट जमीन या तीन गोष्टी एकत्र मिळण्याचे एकमेव ठिकाण मॉल हेच असते. लोक तिथे वस्तूंच्या मोहाने जातात हे अर्धसत्य आहे. व्हान लीर प्रतिष्ठानच्या ‘अर्बन ९५’ या उपक्रमाने नगररचनाकारांना ९५ सेंटीमीटर उंचीवरून, म्हणजे साधारण तीन वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून, शहर पाहायला सांगितले. त्या उंचीवरून महोत्सवात मंच दिसत नाही, मोठ्यांचे पाय दिसतात. ध्वनिवर्धक मात्र कधीकधी थेट कानाच्या पातळीवर असतो.

आता विरुद्ध बाजूचे म्हणणे. मोठी आकर्षणे आणि महोत्सव शहराला ओळख देतात, रोजगार देतात, पर्यटक आणतात, असे सांगितले जाते आणि ते खरे आहे. कोपनहेगनचे टिवोली उद्यान १८४३ पासून तिकीट लावून चालते आहे आणि त्याने पिढ्यान्‌पिढ्या मुलांना आनंद दिला आहे. वर्षातून एकदा आकाशपाळण्यात बसण्याची, खरा जिराफ पाहण्याची अपूर्वाई मलाही मोलाची वाटते. ज्या बालपणात असे एकही दिपून जाणे नसेल ते थोडे गरीबच म्हणायचे. खाजगी गुंतवणुकीतून चालणाऱ्या उद्यानांनी तिकीट लावावे, नफा कमवावा, त्याबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही. माझा आक्षेप सार्वजनिक खर्चाच्या क्रमाला आहे. महोत्सवाने पर्यटन वाढत असेल तर त्याचा खर्च पर्यटनाच्या खात्यातून व्हावा आणि त्याचे यशही त्याच हिशेबात तपासावे. तो ‘बालक आणि कुटुंब’ या मथळ्याखाली दाखवून मुलांसाठी केलेल्या तरतुदीत धरला जाऊ नये. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील एकतिसावे कलम मुलाला विश्रांतीचा, खेळण्याचा आणि सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा हक्क देते, आणि जवळपास सर्व देशांनी ही संहिता स्वीकारली आहे. वर्षातून तीन दिवस मंचासमोर बसवल्याने तो हक्क पुरा होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: साध्या उद्यानांत कोणी फिरकत नाही, महोत्सवाला मात्र लाखो येतात, मग लोकांना काय हवे ते उघड नाही का? यावर मी विचारीन, की त्या उद्यानातला झोका किती महिन्यांपासून तुटलेला आहे आणि तिथला नळ शेवटचा कधी दुरुस्त झाला? नव्या प्रकल्पाच्या उद्घाटनाला फीत कापता येते, तुटलेल्या झोक्याची साखळी बदलल्याची कोणी बातमी करत नाही. देखभालीचा पैसा अंदाजपत्रकात सर्वांत आधी कापला जातो, मग जागा ओसाड पडते, ओसाड जागेत टवाळखोर जमतात, त्यामुळे पालक मुलांना पाठवत नाहीत, आणि अखेर ‘वापर नाही’ या शेऱ्यासह तो भूखंड वाहनतळाला किंवा एखाद्या दिमाखदार प्रकल्पाला दिला जातो. ही लोकांची नापसंती नाही, घडवून आणलेली अनुपस्थिती आहे.

एक प्रश्न या सगळ्या चर्चेत सहसा विचारलाच जात नाही: सुट्टीच्या दिवशी कोणाला सुट्टी असते? प्राणिसंग्रहालयातला तिकीटखिडकीवरचा कर्मचारी, बसचालक, मॉलमधला सफाई कामगार, रुग्णालयातली परिचारिका यांनाही मुले असतात, आणि त्यांचा मोकळा दिवस बहुधा मंगळवार किंवा बुधवार असतो. हाँगकाँगमध्ये इतरांची घरे आणि मुले सांभाळणाऱ्या, परदेशांतून आलेल्या हजारो स्त्रिया दर रविवारी सेंट्रल भागातल्या चौकांत, पुलांवर आणि इमारतींच्या तळमजल्यांवर पुठ्ठे अंथरून मैत्रिणींसोबत दिवस घालवतात, कारण त्या झगमगाटी शहरात पैसे न देता बसता येईल अशी जागा त्यांना दुसरी नाही. त्यांची स्वतःची मुले त्या वेळी हजारो मैल दूर असतात. कार्यक्रम एका ठरलेल्या दिवशी होतो आणि त्या दिवशी कामावर असलेला माणूस त्याला कायमचा मुकतो. मैदान, वाचनालय आणि उद्यान ज्याच्या-त्याच्या सुट्टीची वाट पाहू शकतात, आणि केवळ शनिवार-रविवारच्या याद्या करत बसल्याने हा भेद आपल्या नजरेतून निसटतो.

म्हणून मागणी करायची तर ती नेमकी करावी. प्रत्येक शहराने आपल्या नकाशावर निवासी भागांपासून चालत पंधरा मिनिटांत मोकळी, सावलीची, स्वच्छतागृह असलेली जागा कुठे आहे आणि कुठे नाही हे जाहीर करावे, आणि जिथे ती नाही त्या भागांची गरज भागेपर्यंत नव्या महोत्सवांसाठी सार्वजनिक निधी देऊ नये. अस्तित्वात असलेल्या मैदानांच्या देखभालीची रक्कम अंदाजपत्रकात वेगळी दाखवावी, म्हणजे ती कापली तर लोकांना दिसेल. वाचनालये आणि संग्रहालये रविवारी संध्याकाळपर्यंत आणि आठवड्यातल्या किमान एका दिवशी रात्रीपर्यंत उघडी राहावीत, आणि त्यासाठी थांबणाऱ्या कर्मचाऱ्यांना त्या वेळेचा वाढीव मोबदला आणि बदली सुट्टी मिळावी. तसे न केल्यास एका कुटुंबाच्या रविवारसाठी आपण दुसऱ्या कुटुंबाचा रविवार खर्ची घालू.